टाकीचं झाकण

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फळ्यावर लागली तेव्हा मी ती वाचली आणि पुढे गेलो. लिहिणं हे आपलं काम नव्हे, असं मला वाटत होतं. पाऊस, आई आणि ‘माझं गाव’ हे विषय वर्गातल्या मुलांनी आधीच वाटून घेतले होते. मराठीच्या सरांनी मात्र मला बोलावून विचारलं, “या कॉलेजात दुसऱ्या कुणाला येत नाही असं तुला काय येतं?” मी बराच वेळ गप्प उभा राहिलो. मग म्हणालो, “सर, डिझेलच्या गाडीतली हवा काढता येते.” सर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, “मग ते लिही.”

पण ते लिहायचं तर आणखीही एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती आजवर मी आणि आबा अशा दोघांनाच ठाऊक आहे.

आबा म्हणजे माझे वडील. ते तमाशाच्या फडात ड्रायव्हर आहेत. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘खाजगी नोकरी’ असं लिहिलं होतं. खोटं काही लिहिलं नव्हतं, पण लिहिताना हात जरा आखडला होता, हे कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. आबांची शाळा चौथीत सुटली. त्यांना सही येते आणि मैलाच्या दगडावरचे आकडे वाचता येतात. बाकी अक्षरांशी त्यांचं फारसं जमलं नाही.

दसऱ्याला फड बाहेर पडला की बुद्धपौर्णिमेपर्यंत तो गावोगाव फिरतो. कनातीचा एक ट्रक, स्टेजचा आणि जनरेटरचा एक ट्रक आणि माणसांची एक बस, एवढा आमच्या मालकांचा पसारा. मोठ्या फडांच्या मानाने काहीच नाही. बसच्या बाहेर रंगीत अक्षरांत फडाचं नाव आहे, पण आत काय असतं ते यात्रेतल्या माणसाला दिसत नाही. पुढच्या चार रांगा सोडून बाकीच्या सीटा काढून टाकल्या आहेत. तिथे दोन्ही बाजूंना फळ्या मारल्या आहेत, एकावर एक. उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष, मधे साडीचा पडदा. छताच्या गजाला तान्ह्या पोराची झोळी. सीटखाली गॅसची शेगडी, पिठाचा डबा, ढोलकी, हलगी, घुंगरांच्या पेट्या. खिडकीच्या दांड्यांना धुणं वाळत असतं. तीस-बत्तीस माणसं तिथे झोपतात, जेवतात, भांडतात, आजारी पडतात. रात्री गण-गवळण, बतावणी, वग संपला की पहाटे ती याच फळ्यांवर आडवी होतात आणि उठतात ती दुसऱ्या गावात. पत्ता विचारला तर त्यांना गाडीचा नंबरच सांगावा लागेल.

ही बस जुन्या तऱ्हेची आहे. नव्या गाड्यांचा डिझेल पंप कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. आमच्या गाडीत सगळा कारभार लोखंडाचा आणि हाताने उघडण्यासारखा. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल व्हावी तशी होते, आणि त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. तो फवारा उडायला नोझलपाशी वातावरणाच्या दाबाच्या साधारण दोनशे पट दाब लागतो. तिथवर डिझेल येतं कसं, तो रस्ता आबांनी मला मी पाचवीत असताना बोट धरून दाखवला होता. टाकीत पाइप, पाइपाच्या टोकाला जाळी. पाइपातून डिझेल ओढणारा फीड पंप आणि त्याच्याच अंगावर बसवलेला छोटा हातपंप. मग दोन फिल्टर. मग मोठा पंप, जो एकेका सिलिंडरसाठी डिझेल मोजून दाबतो. तिथून जाड भिंतींच्या बारीक नळ्या नोझलकडे. जास्तीचं डिझेल रिटर्नच्या पाइपाने टाकीत परत.

या रस्त्यात कुठे हवेचा बुडबुडा शिरला की गाडी मेली. याचं कारण आबांनी सायकलच्या पंपावर समजावलं. पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा रेटला, तर दांडा आत जातो, कारण हवा दबते. त्याच पंपात पाणी भरून रेटा, दांडा हलत नाही. मोठा पंप हवेवर जोर करत बसला, तर हवा नुसती आकसते आणि फुगते, नोझल काही उघडत नाही. म्हणून हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हातपंप मारायचा. आधी साबणासारखा फेस येतो, मग फुर्र फुर्र करत डिझेल, आणि शेवटी बुडबुडा नसलेली अखंड धार. ती धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग हेच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर. तरीही गाडी घेत नसेल, तर नोझलांच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही, तर पोचतच नाही. आबा आधी धूर बघतात, मग पान्याला हात लावतात.

आणि त्यांचा एक नेम आहे. गाडी बंद पडली की बहुतेक ड्रायव्हर इंजिनाकडे धावतात. आबा म्हणतात, “टाकीपासनं चालत ये.” म्हणजे टाकीत डिझेल आहे का इथून सुरुवात करून एकेक जोड तपासत पुढे यायचं. मधलं काही गाळायचं नाही.

(कॉलेजच्या ग्रंथालयात मी रूडॉल्फ डिझेलविषयी वाचलं. १८९३ साली त्याला पेटंट मिळालं, १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं आणि १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. गंमत म्हणजे त्याच्या मूळ इंजिनात डिझेल आत उडवण्याचं काम दाबलेल्या हवेकडेच होतं. पुढे १९२७ मध्ये बॉशने पंप बाजारात आणले आणि हवेची ती नोकरी गेली. आता ती चोरासारखी शिरते.)

२०२४ च्या मार्चमध्ये माझी बारावीची परीक्षा संपली. फडाच्या बसवरचा क्लीनर त्याच सुमारास काम सोडून गेला होता, म्हणून आबांनी मला बरोबर घेतलं. मला लिहिता-वाचता येत होतं, म्हणून मॅनेजरने डिझेलच्या हिशेबाची वही आणि टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्याकडे दिली. यात्रेच्या गर्दीत उभ्या गाडीतलं डिझेल रात्री नळी घालून काढतात, म्हणून टाकीला कुलपाचं झाकण. किल्ली गळ्यात अडकवून मी फिरत होतो. किती डिझेल घेतलं, कुठे घेतलं, मीटर किती झाला, गाडी कुठे थांबली, हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहीत असे. मोठा मान वाटत होता.

टाकी बसच्या उजव्या अंगाला, बायकांच्या फळ्यांच्या बरोबर खाली. ती काठोकाठ भरली की वळणावर झाकणाच्या कडेने थोडं डिझेल उडायचं आणि त्याचा वास खिडकीतून आत जायचा. मावशींना, म्हणजे फडातल्या सगळ्यांत वडील कलावतीला, त्या वासाने उलट्या व्हायच्या. त्या मला म्हणाल्या, “लेका, तू शिकलेला हायेस, याच्यावर काय तरी कर की.”

मी केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, झाकणाच्या मापाने गोल कापला आणि झाकणाच्या आत चपखल बसवला. त्या दिवसापासून डिझेलचा थेंब बाहेर आला नाही. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आबांना मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते काम वाटलंच नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्यांदा थांबली. चालता चालता तिची ओढ कमी झाली, चढावर दोन गचके खाल्ले आणि गप्प. सेल्फ मारला, धूर नाही. आबांनी विचारलं, “टाकी बघितली का?” मी म्हणालो, “भरलेली आहे, सकाळीच घेतलं. झाकणही घट्ट आहे.” आबांनी मान हलवली आणि फिल्टरपाशी गेले. स्क्रू सैल केला, हवा काढली, गाडी सुरू झाली.

दोन दिवसांनी पुन्हा. या वेळी फिल्टर बदलले. गाडी सुरू झाली. मग तिसऱ्यांदा. आबा हातपंप मारत होते आणि म्हणाले, “दांडा जड येतोय. मागनं डिझेल येत नाय.” त्यांनी टाकीकडून येणारा पाइप सोडवला आणि त्याला तोंड लावून जोरात फुंकलं. टाकीत गुडगुड असा आवाज झाला. पाइप जोडला, गाडी सुरू. सगळे म्हणाले, पाइपात कचरा होता तो उडाला. तांब्याचे वायसर चुलीवर लाल करून, थंड करून, आबांनी नव्याने बसवले. प्रत्येक उपाय लागू पडत होता. हीच तर फसगत होती.

फडाचं वेळापत्रक थांबलेल्या गाडीसाठी थांबत नाही. पाडव्याला नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देऊन जातात, आणि चैत्र-वैशाखातल्या या दोन महिन्यांच्या यात्रांवर फडाचं वर्ष निघतं. २०२० आणि २०२१ या दोन्ही साली करोनामुळे यात्रा भरल्याच नाहीत. तेव्हा ही बस मालकांच्या शेतात चिंचेखाली उभी होती आणि आबा कांद्याच्या वखारीत गोणी उचलत होते. मालकांवर तेव्हाचं कर्ज अजून आहे. त्यामुळे बस रस्त्यात थांबली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, आणि तो राग आबांवर निघायचा. माणूस वाईट नाही. पण आता चारचौघांत बोलू लागले, “म्हातारा झाला, याला गाडीचा आवाज ऐकू येईना.” आबा तेव्हा बावन्न वर्षांचे होते.

शेवटी एका वर्कशॉपमध्ये पंप दाखवला. मिस्तरींनी गाडीच्या वयाचा अंदाज घेतला, पंपावर पाना वाजवला आणि पंप खोलावा लागेल असं सांगितलं. पंप मशीनवर लावून, आतले भाग बदलून, बिल झालं सव्वीस हजार. त्या दोन दिवसांत माणसं भाड्याच्या टेम्पोतून मेंढरांसारखी गेली. पंप बसवून आला. पहिल्या दिवशी गाडी छान चालली. मालकांनी गाडीला नारळ फोडला.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही सिन्नर तालुक्यातून जुन्नरकडे निघालो होतो. रात्री यात्रेचा खेळ होता. दोन्ही ट्रक पहाटेच पुढे गेले होते. संगमनेरच्या अलीकडे मी टाकी काठोकाठ भरून घेतली. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला. तो आधीही दोन-तीनदा आला होता. उन्हाने डिझेलची वाफ होते आणि सोड्याच्या बाटलीसारखी बाहेर पडते, असा माझा समज. संगमनेर मागे टाकलं, चंदनापुरीचा घाट लागला आणि अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली.

दुपारचे दोन. एप्रिलचं ऊन. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत बाजूने जात होते. चाकांना दगड लावले. बायका पोरांना घेऊन डोंगराच्या बाजूच्या हातभर सावलीत बसल्या. मावशींनी पदर भिजवून डोक्यावर घेतला. मॅनेजर फोनवर मालकांशी बोलत होता आणि फोनमधला आवाज आम्हाला लांबून ऐकू येत होता. उशीर झाला की काय होतं, ते फडातल्या पोरालाही माहीत असतं. रात्री लाऊडस्पीकर बंद करण्याची वेळ ठरलेली, त्यामुळे वग कापावा लागतो. मग लोक चिडतात, कनातीवर दगड येतात, सुपारीतले पैसे कापले जातात.

मी पाना घेऊन फिल्टरकडे निघालो, तर आबा म्हणाले, “थांब. वही काढ.”

“आत्ता?”

“कुठं कुठं थांबली ते वाच. आन् थांबायच्या आधी डिझेल कवा घेतलं, ते बी वाच.”

ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, डोळे मिटले आणि मी वाचू लागलो. पहिल्यांदा थांबली ती टाकी भरल्यावर छत्तीस किलोमीटरवर. दुसऱ्यांदा, टाकी निम्मी असताना डिझेल न घेता निघालो होतो, तेव्हा एकशे वीस किलोमीटर गेली. तिसऱ्यांदा भरली होती, बावीसवर थांबली. पंप नवा झाल्यावर टाकी पाऊणच्या खाली होती, त्या दिवशी थांबलीच नाही. आज भरली, सतरावर थांबली.

आबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग डोळे उघडून म्हणाले, “टाकी भरली की लवकर मरती. रिकामी आसली की लांब जाती. हे उलटंच हाय.” थोडा वेळ ते टाकीकडे बघत राहिले. “झाकाण उघड.”

मी किल्ली फिरवली. पुन्हा ‘फुस्स’ झालं, आणि त्यामागोमाग टाकीचा पत्रा ‘ठण्ण’ असा वाजला. आत दबलेला डबा फुगून वर यावा तसा. आबांनी हात पुढे केला. “परत लाव. आता किल्ली देऊ नको, नुसतं ठेव. आन् सेल्फ मारू दे मला.” त्यांनी हवा काढली. हातपंपाचा दांडा आता हलका चालत होता. गाडी सुरू झाली. ती तशीच चालू ठेवून ते खाली आले, झाकण हातात घेतलं आणि उलटं केलं.

ट्यूबचा तो तुकडा डिझेल पिऊन फुगला होता. मी बसवला तेव्हा कागदासारखा होता, आता भाकरीसारखा जाड आणि मऊ. त्याच्याखाली झाकणाच्या पत्र्यातलं बारीक भोक पूर्ण बुजलं होतं.

डिझेल जसजसं खर्च होतं, तसतशी त्या भोकातून टाकीत हवा यायला हवी. ती येत नव्हती. मी ज्याला बाहेर पडणारी वाफ समजत होतो, ती आत शिरणारी हवा होती. हे गणित पुढे विज्ञान शाखेतल्या एका मित्राने मला मांडून दाखवलं. आमची टाकी एकशे साठ लिटरची. काठोकाठ भरली तर वर हवेला जागा जेमतेम दहा लिटर. गाडी लिटरला चार किलोमीटर जाते, म्हणजे अठरा किलोमीटरला साडेचार लिटर गेलं. दहा लिटर जागेतली हवा साडेचौदा लिटरमध्ये पसरली, म्हणजे तिचा दाब तिसऱ्या हिश्शाने उतरला. तेवढी ओढ टाकीच उलटी लावते, मग झिजलेला फीड पंप काय करणार? टाकी निम्मी असेल तर वर ऐंशी लिटर हवा, तेवढीच ओढ व्हायला छत्तीस लिटर जाळावं लागतं. मित्र म्हणाला, हा बॉईलचा नियम, १६६२ सालचा. आणि आम्ही जेव्हा जेव्हा स्क्रू सैल केला, पाइप सोडवला, फुंकर मारली, तेव्हा तेव्हा टाकीत थोडी हवा शिरत होती आणि गाडी तेवढ्यापुरती सुटत होती. नव्या पंपाच्या दिवशी टाकीच रिकामी होती, म्हणून नारळ फुटला.

बारावीला माझा तर्कशास्त्र हा विषय होता. अन्वय, व्यतिरेक, मिलच्या पद्धती मी पाठ केल्या होत्या. त्या वर्षी निकालात त्या विषयाला मला चौऱ्यांशी गुण पडले. सगळा पुरावा माझ्याच अक्षरात माझ्या गळ्यातल्या किल्लीशेजारच्या वहीत होता आणि तो मला दिसला नाही.

आबांनी स्क्रू ड्रायव्हरने रबर उचकटलं. माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलण्याच्या आत ते त्यांनी खिशात घातलं, बारीक तारेने भोक मोकळं केलं, झाकण लावलं आणि ओरडले, “बसा रं सगळे!” त्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर अशी चढली की मावशींनी आतून टाळ्या वाजवल्या.

खेळाच्या गावी पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. घाईघाईने तोंडं रंगवून माणसं उभी राहिली. वग थोडा कापावा लागला, पण दगड आले नाहीत. मालक कनातीच्या मागे आबांना गाठून म्हणाले, “काय निघालं?”

“टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं हुतं.”

“भोक? आन् माझं सव्वीस हजार?”

“माझ्या नजरंतनं सुटलं, मालक. टाकीपासनं बघायला पायजे हुतं.”

मी चार हातांवर उभा होतो. पुढच्या महिन्यात मला कॉलेजच्या प्रवेशासाठी याच मालकांकडून आबा उचल घेणार होते, हे मला माहीत होतं. मालक मला ‘आमचा पदवीधर’ म्हणत, तेही आवडत होतं. मी बोललो नाही. मालकांनी ठरवलं की निम्मे नाही, सगळे सव्वीस हजार आबांच्या पगारातून जातील, महिन्याला दोन हजार. आबा “बरं” म्हणाले.

रात्री गाडीखाली सतरंजी टाकून आम्ही झोपलो होतो. वर स्टेजवर ढोलकी चालली होती. मी म्हणालो, “आबा, मी सांगतो मालकांना.” ते म्हणाले, “मावशीला कळंल. तिच्या सांगण्यानं तू केलंस. ती जीवाला लावून घेईल.” थोड्या वेळाने म्हणाले, “झोप. सकाळी हजेरी हाय.”

मावशींचं कारण मला तेव्हा फार सोयीचं वाटलं. आजही त्याची लाज वाटते. मला सुटका हवी होती आणि आबांनी ती एका म्हातारीच्या नावावर मला दिली.

हिशेबाची वही पुढेही माझ्याकडेच राहिली, सुट्टी लागली की मी फडावर जातो. फड बाहेर असेल त्या महिन्यांतच पगार, म्हणून कापणीही तेव्हाच. एप्रिल २०२४ पासून त्या वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, ‘ड्रायव्हर यांचे पगारातून वजा रु. २०००’. असं तेरा वेळा. शेवटचं डिसेंबर २०२५ मध्ये लिहिलं. दर वेळी ‘ड्रायव्हर’ हा शब्द लिहून झाल्यावर मी थोडा थांबत असे.

मावशी गेल्या हंगामानंतर फडावर आल्या नाहीत. गुडघे गेले, आता त्या लेकीकडे असतात. मालकांचा पुतण्या याच कॉलेजात प्रथम वर्षाला आहे. म्हणजे हा अंक त्यांच्या घरी जाईल, आणि कुणीतरी त्यांना हा लेख वाचून दाखवील, हे मला माहीत आहे. सरांना कच्चा लेख देण्याआधी मी गावी गेलो आणि आबांना तो सगळा वाचून दाखवला. ते बाजेवर बसून ऐकत होते. बॉईलच्या नियमाशी आल्यावर त्यांनी तो भाग परत वाचायला लावला. मालकांशी झालेलं बोलणं आलं तेव्हा तंबाखू मळत राहिले. वाचून झाल्यावर मी विचारलं, “छापू का?”

ते म्हणाले, “छाप. पर भोक कुठं आसतं ते नीट लिहिलेलं न्हाई तू. वाचणाऱ्याला सापडायला पायजे.”

तर आमच्या बसच्या झाकणाचं भोक असं आहे. झाकण उलटं धरायचं. आत एक गोल पत्रा दिसतो, त्यावर स्प्रिंग. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला, मध्यापासून बोटभर अंतरावर, सुईच्या नेढ्याहून जरासं मोठं भोक असतं. धूळ आणि डिझेल मिळून तिथे काळा चिकटा धरतो. चिंधीने पुसू नये, चिकटा उलट आत जातो. सायकलच्या ब्रेकच्या वायरचा एक धागा घ्यावा, तो भोकातून आरपार घालावा आणि मग तोंडाने फुंकून बघावं.